एका सदऱ्याला दोन कॉलर

छोट्याला कॉम्प्युटर घेऊन देण्यात टाकेबाईचा फायदा तिहेरी होता, आणि कापडाला कात्री लावण्याआधी बोटांनी मापावं तसा तिने तो आधीच मापून ठेवला होता. एक, छोट्याला काम लागलं की त्याच्या जेवणाचा आणि औषधांचा भार तिच्या शिवणकामावरून उतरणार. दोन, चार पैसे साठले की तो स्वतःची खोली बघणार, आणि दुकानामागची खोली, जिथे तो दोन वर्षं खाट टाकून पडला होता, ती तिला परत मिळणार. तीन, त्या खोलीत खिडकीखाली, बरोबर खाटेच्या जागी, कापडाच्या कडा बांधणारं एक ओव्हरलॉक मशीन बसणार. भाऊ म्हणून जीव तुटायचा ते वेगळं. ते ती हिशोबात धरत नसे. न धरताही ते कायम खर्चाच्याच बाजूला निघायचं.

टाकेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, गल्लीने ठेवलेलं. पँट आखूड करणं, सदरा ढिला करणं, चेन बदलणं, असलं दुरुस्तीचं काम ती करायची. दुसऱ्याने कापलेलं सावरायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. वय सत्तेचाळीस. लग्न केलं नव्हतं, कारण त्यातला हिशोब तिला एकदाही जुळला नव्हता. आई गेली तेव्हा छोट्या सहा वर्षांचा होता. आता चौतीस वर्षांचा घोडा झाला तरी छोट्याच होता.

या छोट्याच्या डाव्या पायावर, तो कामाला होता त्या गोदामातली एक मांडणी मालासकट कोसळली होती. पाय वाचला, पण दीड इंच आखूड झाला, आणि दहा मिनिटांच्या वर उभं राहणं संपलं. गोदामाने महिनाभराचा पगार आणि एक फळांची टोपली दिली. टाकेबाईने टोपलीचीही किंमत काढली होती.

मग दोन वर्षं छोट्या दुपारी कोपऱ्यावरच्या गेमिंग कॅफेत जाऊन बसायचा. जिंकायची त्याला फारशी हौस नव्हती. खेळातली कुठली भिंत नुसती दिसायलाच भिंत आहे, कुठे उडी मारली की माणूस जमिनीतून आरपार खाली पडतो, असल्या खोडी तो शोधून काढायचा आणि स्वतःशी हसायचा. कॅफेत येणाऱ्या एका माणसाने ते पाहिलं. तो खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत होता. त्याने सांगितलं की आमच्याकडे हेच काम पगारावर करतात, खेळ बाजारात जायच्या आधी त्यातली खोट काढायची, घरी बसून. फक्त कॉम्प्युटर स्वतःचा पाहिजे. एक तारखेला सकाळी अकरा वाजता परीक्षा, दोन तास सलग. कॅफेतून देता येणार नाही. आणि कॅफे तर त्या महिनाअखेरीला बंदच होणार होता.

छोट्याने हे घरी सांगितलं तेव्हा तो खाटेवर उठून बसला होता. टाकेबाईला बातमीपेक्षा त्याचंच जास्त नवल वाटलं.

दहा तारखेला दोघं कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकान जिन्याखाली होतं, पाठीला पाठ लावून तीन माणसं मावतील एवढं. दुकानदार तिचा जुना गिऱ्हाईक. त्याच्या पँटी ती दरवर्षी कंबरेत सैल करून द्यायची, त्यामुळे त्याच्या पोटाचा सगळा इतिहास तिच्या वहीत तारीखवार होता. त्याने छोट्याला स्टूल दिलं आणि काचेवर दोन खोके ठेवले. प्रोसेसर म्हणजे या सगळ्या पेटाऱ्याचं डोकं, सगळी आकडेमोड तोच करतो, एवढं तिला छोट्याने वाटेत सांगितलं होतं.

"हा बारा हजार सहाशेचा," दुकानदार म्हणाला. "सहा कोअर. म्हणजे समजा, एका दुकानात सहा कारागीर. आणि पडद्यावर चित्र दाखवायची सोय ह्याच्या आतच आहे. खेळ जरा खालच्या दर्जाचा दिसेल, पण चालेल. आणि हा नऊ हजार दोनशेचा. ह्यातही सहा कारागीर, कामाला काकणभर सरसच. पण हा आंधळा आहे, बाई. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावेपर्यंत पडद्यावर काही म्हणजे काही दिसणार नाही."

"आणि कार्ड केवढ्याला?"

"आत्ता बारा हजार. वीस तारखेला नवा माल येतोय, मग अकराला देतो."

टाकेबाईने कमरेचा बटवा चाचपला. त्यात अडतीस हजार होते, तीन वर्षांत साठवलेले. तिने विचारलं की चांगल्या कामाला कार्ड तर पुढेमागे लागणारच ना. दुकानदार म्हणाला, लागणार.

"मग डोळ्यांचे पैसे दोनदा कशाला मोजायचे? एका सदऱ्याला दोन कॉलर कोण लावतं?"

दुकानदार हसला आणि त्याने छोट्याकडे पाहिलं. छोट्या पाय लांब करून बसला होता. बारा हजार सहाशेचा खोका त्याच्या हातात होता, आणि तो त्याच्या चारही बाजू वाचत होता, दुसऱ्यांदा.

"ताई, हा घेतला तर एक तारखेला काहीही झालं तरी मला परीक्षेला बसता येईल."

"काहीही म्हणजे काय होणार आहे?"

छोट्याने खोका काचेवर ठेवला. "काही नाही. तुझं बरोबर आहे."

"दात कोरून पोट भरत नाही, बाई," दुकानदार म्हणाला, पण तो व्यापारी होता आणि वाद घालून गिऱ्हाईक घालवणं त्याला परवडणारं नव्हतं. टाकेबाईने त्याला सांगितलं की तुमच्या पोटाचं मला सांगू नका, ते मी मोजते. तीन हजार चारशे वाचले. बाकीचे भागही तिने तसेच मापून घेतले, कुठे अर्धा इंच कापड जास्त नाही. बंद होणाऱ्या कॅफेतून एक जुना पडदा मिळाला. सगळे मिळून सव्वीस हजार सातशे झाले. कार्डापुरते पैसे बटव्यात उरले, वर तीनशे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लोकांच्या कपड्यात टाकेबाई शिवणीला नेहमी दोन बोटं कापड राखायची. माणूस सुटतो, वाळतो, कपडा आटतो, उद्याचं कुणी पाहिलंय, असं ती नव्या टेलरांना ऐकवायची. स्वतःच्या पैशाला मात्र तिने आयुष्यात कधी अशी दोन बोटं राखली नव्हती. तिला ते उधळेपणाचं वाटायचं.

छोट्याने दोन दिवस खाटेवर वर्तमानपत्र पसरून कॉम्प्युटर जोडला. प्रोसेसर बसवताना त्याने श्वास रोखून धरला होता, सुईत दोरा ओवताना ती धरायची तसा. बटण दाबलं. पंखे फिरले, निळा दिवा लागला, पडदा काळाच राहिला. राहणारच होता. तरी छोट्या बराच वेळ त्यासमोर बसून पंख्याचा आवाज ऐकत राहिला. टाकेबाई दारातून म्हणाली की वीस तारखेपर्यंत दम धर, नवऱ्या मुलासारखा काय बसलायस.

सतरा तारखेला मागच्या गल्लीतला म्हातारा टेलर आला. तो दुकान मोडून मुलीकडे राहायला निघाला होता, दुसऱ्या दिवशीच्या गाडीने. त्याचं ओव्हरलॉक मशीन, बाजारात वीसच्या खाली न मिळणारं, अकरा हजारांत देतो म्हणाला, पण रोख आणि आजच. टाकेबाईने मशीन चालवून पाहिलं. कडा अशी बांधली जात होती की बघत राहावं. एका हॉटेलच्या वेटरांची बत्तीस जाकिटं तिने नुकतीच शिवून दिली होती, त्यांचे चौदा हजार पंचवीस तारखेला यायचे होते. म्हणजे कार्ड वीसऐवजी पंचवीसला. परीक्षा एक तारखेला. मध्ये पाच-सहा दिवस.

कागदावर यात कुठेही चूक नव्हती. तिच्या कुठल्याच हिशोबात कागदावर चूक नसायची.

मशीन आलं आणि दुकान नि खोलीमधल्या बोळात चादरीखाली उभं राहिलं, कारण त्याच्या जागेवर अजून छोट्याची खाट होती. छोट्याने चादर उचलून ते पाहिलं. मशीन चांगलं आहे म्हणाला. मग विचारलं, "वीस तारखेचं काय?"

"पंचवीसला. हॉटेलचे पैसे आले की तशीच दुकानात जाते."

तो पुन्हा म्हणाला, मशीन चांगलं आहे.

पंचवीसला हॉटेलच्या मॅनेजरने सांगितलं की साहेबांची सही व्हायची आहे. सव्वीसला साहेब बाहेरगावी होते. अठ्ठावीसला मॅनेजरच भेटला नाही, आणि दारावरच्या वेटरने, तिनेच शिवलेलं जाकीट घालून, आत सोडलं नाही. तिने त्याच्या खांद्यावरची शिवण तेवढी बघून घेतली. म्हातारा टेलर पैसे घेऊन केव्हाच गेला होता. दुकानदाराकडे ती गेली, प्रोसेसर बदलून द्या म्हणाली, वरचे तीन हजार चारशे मागाहून देते. पण चित्र दाखवणारा संपला होता, दहा दिवस येणार नव्हता. कार्ड उधार मागितलं, तर त्याने भिंतीवरच्या 'उधारी बंद'च्या पाटीकडे नुसतं पाहिलं. ती पाटी त्याच्या मेहुण्याने लावली होती, आणि दुकानात भांडवल मेहुण्याचं होतं.

आता एक गोष्ट अशी की टाकेबाईकडे पैसे नव्हते असं नाही. बँकेत तिची साठ हजारांची ठेव होती, म्हातारपणासाठी. छोट्याला तिचा पत्ता नव्हता. पिकायला दोन महिने राहिले होते, आणि आत्ता मोडली तर एकवीसशे व्याज बुडणार होतं. एकोणतीस तारखेला ती बँकेत गेली. हे तिच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे. तिने नंबराची चिठ्ठी घेतली, सत्तेचाळीस, आणि बाकावर बसली. खिडकीवर एकोणचाळीस चालू होता. चिठ्ठीची घडी घालून घालून तिने ती बटणाएवढी केली. बेचाळीसला फोन वाजला.

दुकानदार होता. माळ्यावर एक जुनं कार्ड सापडलं म्हणाला, एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेलं. "जुनं आहे हो, मी हमी देत नाही. पण चालतंय, मी लावून पाहिलं. न्यायचं तर न्या. पैसे नकोत."

पैसे नकोत. टाकेबाईला आयुष्यात या दोन शब्दांपुढे कधी उभं राहता आलं नव्हतं. तिने चिठ्ठी शेजारच्या बाईला दिली, तिचा नंबर त्रेसष्ट होता, आणि ती बँकेतून बाहेर पडली. एकवीसशे वाचले.

एकतीस तारखेच्या दुपारी छोट्याने कार्ड लावलं आणि पडदा उजळला. टाकेबाईने सुईतला दोरा तोंडात तसाच धरून आत डोकावलं. पडद्यावर डोंगर होता, डोंगरावर एक घर. छोट्या त्या घराच्या भिंतीला माणूस धडकवत होता, इकडून, तिकडून, आणि तिसऱ्या धडकेला माणूस भिंतीतून आत गेला. छोट्या हसला. दोन वर्षांत घरात हसला नव्हता.

"सापडली बघ खोट," तो म्हणाला. "ताई, आज सलग दोन तास चालवून बघतो. उद्या एवढंच चालायला पाहिजे."

टाकेबाईने दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा कोट इस्त्रीला काढला होता. इस्त्री आणि हे यंत्र एकदम लावलं की दिवे मिणमिणायचे, आणि मीटर असा फिरायचा की तिला तो भिंतीपलीकडून ऐकू यायचा. अर्ध्या तासाने ती म्हणाली, चालतंय ना? मग उगाच वीज कशाला जाळायची. छोट्याने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि बंद केलं. खेळातल्या भिंतीची फट ज्याला तिसऱ्या धडकेला सापडायची, त्याला ही फट दिसली नसेल असं कुणी म्हणू नये. पण वीज तिची होती, घर तिचं होतं, आणि दोन वर्षं तिच्या ताटातलं खाल्लं की माणसाची वाद घालायची जागा आटत जाते.

एक तारखेला त्याने धुतलेला सदरा घातला, परीक्षक त्याला बघणार नव्हता तरी. अकराला परीक्षा सुरू झाली. टाकेबाईने त्या दिवशी मशीनचं काम ठेवलं नाही, आवाज नको म्हणून. ती बोळात बसून हाताने एक पँट उसवत होती. आतून बोटांचा आवाज येत होता, भरभर, मध्येच थांबून, पुन्हा भरभर. तिला त्याच्यातली लय कळली. कामात रमलेल्या माणसाची लय तिला कुठल्याही धंद्यात कळायची.

अकरा चाळीसला आवाज थांबला. सुरू झाला नाही.

ती आत गेली तेव्हा पडद्यावर आडव्या हिरव्या रेघा होत्या. मग त्याही गेल्या. कार्डावरचा छोटा पंखा हलत नव्हता, आणि तापलेल्या इस्त्रीखाली धूळ जळावी तसा वास येत होता. छोट्याने कार्ड गार होऊ दिलं, बोटाने पंखा ढकलला, पुन्हा सुरू केलं. पाच मिनिटं डोंगर दिसला. पुन्हा अंधार. तिसऱ्यांदा डोंगरही आला नाही. प्रोसेसर बिचारा चालूच होता, सहाच्या सहा कारागीर कामाला लागलेले. ते काय करताहेत हे बघायची सोय तेवढी नव्हती.

सव्वाबाराला फोनवर कंपनीचा निरोप आला, सभ्य भाषेत. यंत्र दोन तास टिकणं ही पहिली अट होती. पुन्हा अर्ज वर्षभराने करता येईल.

"दुकानदाराने फसवलं," टाकेबाई म्हणाली.

"नाही. त्याने सांगितलं होतं, जुनं आहे म्हणून."

"मग त्या हॉटेलवाल्याने."

छोट्या कार्ड काढत होता. पेचकस फिरवता फिरवता, मान वर न करता तो म्हणाला, "काम काय होतं माझं, ताई? खोट सापडली की लिहून द्यायची. मला दहा तारखेलाच सापडली होती. लिहून दिली नाही, बस."

यावर तिच्याकडे उत्तर होतं. तिच्याकडे नेहमी असायचं. तीन हजार चारशेही योग्य होते, मशीनही योग्य भावात होतं, विजेचंही खरंच होतं. ती सगळी उत्तरं ओळीने उभी राहिली, आणि तिला दिसलं की प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर आहे. ती पुन्हा बोळात जाऊन बसली. पँट उसवायची राहिली होती.

तीन तारखेला हॉटेलचे पैसे आले. पूर्ण चौदा हजार, एका पाकिटात, उशिराबद्दल क्षमा मागून.

त्यानंतर छोट्या बारा दिवस खाटेवर होता. तेराव्या दिवशी उठला, पेटारा उघडला आणि एकेक भाग विकायला काढला. वापरलेल्याला अर्ध्याच्या आसपास मिळतात, त्याने घासाघीस करून जरा जास्त मिळवले. प्रोसेसर दुकानदारानेच परत घेतला, पाच हजार सहाशेला. सगळे मिळून सतरा हजार नऊशे त्याने तिच्या कापायच्या टेबलावर ठेवले. मग म्हणाला की काम मिळालंय. कुठे, असं तिने विचारलं. गोदामात, तो म्हणाला. त्याच गोदामात. फाटकावरच्या खोलीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांचे नंबर वहीत लिहायचे, बारा तास. बसायला खुर्ची आहे. मागे झोपायला जागाही आहे, आणखी एकाबरोबर. ती मांडणी फाटकातून दिसते का, हे तिने विचारलं नाही.

खाट निघाली तशी ओव्हरलॉक खिडकीखाली गेलं. बरोबर बसलं, एक इंच इकडेतिकडे नाही. उजेडही छान येतो तिथे.

पुढच्या महिन्याअखेरीला, ठेव पिकली त्याच आठवड्यात, छोट्या एका रविवारी आला. गोदामाने दिलेली खाकी पँट त्याच्या हातात होती. टाकेबाईने टेप काढला. माप वहीत होतंच, डावा पाय दीड इंच आखूड, पण तिने पुन्हा घेतलं, गुडघ्यावर बसून, आणि जरा जास्तच वेळ. पँट त्याच्या हातात देताना म्हणाली की जेवून जा. तो म्हणाला, तीनपर्यंत फाटकावर पोचायचंय. मग त्याने खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. तिची वही नेहमी तिथेच उघडी पडलेली असायची, आणि त्याचे डोळे चांगले होते. पाकिटावर सुट्टे चाळीसही ठेवले. पँट आखूड करायचा तिचा भाव चाळीस होता. घरच्याकडून ती कधी घेत नसे. तो ठेवून गेला.

पाकीट तिने न मोजता ठेवून पाहिलं, अर्धा तास. मग मोजलं. मग वही ओढून, मापांच्या मागच्या पानावर, हिशोब पुरा केला.

कॉम्प्युटर, खर्च सव्वीस हजार सातशे. विकून परत आले सतरा हजार नऊशे. तूट आठ हजार आठशे, भरली छोट्याने. हॉटेलचे आले, पूर्ण. ठेव पिकली, व्याजासकट, एकवीसशे वाचले. मशीन नऊ हजारांनी स्वस्त पडलं. खोली मोकळी झाली. पँट एक, डावा पाय दीड इंच आखूड, शिलाई चाळीस, दिली छोट्याने.

तिच्या बाजूला द्यायचं काही उरलं नव्हतं. तिने दोनदा बेरीज करून पाहिली.